गोझो: चुनखडीच्या बेटावर मित्रांसोबत

माल्टा देशाचे गोझो हे धाकटे बेट जेमतेम ६७ चौरस किलोमीटरचे आहे. बरेच प्रवासी मुख्य बेटावरून सकाळच्या बोटीने येथे येतात आणि संध्याकाळी परततात. आम्ही महाविद्यालयातल्या जुन्या मित्रमैत्रिणींनी मात्र उलटा बेत आखला होता: मुक्काम गोझोच्या शारा गावातल्या एका दगडी शेतघरात करायचा आणि मुख्य बेट, म्हणजे माल्टा, पाहायला येथून जायचे. मुख्य बेटावरच्या चिर्केव्वा बंदरातून निघालेली फेरी बोट सुमारे पंचवीस मिनिटांत इम्जारच्या बंदराला लागते, आणि तेव्हापासूनच नजरेत भरतो तो मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड. घरे, चर्च, शेतांचे बांध, पायऱ्या, सगळे त्याचेच. हा दगड खाणीत इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की टणक होत जातो. आमच्या रत्नागिरीच्या मित्राच्या घरी चिरेखाणीचा व्यवसाय आहे. त्याला हे कळताच जांभा आठवला, कारण जांभाही जमिनीतून ओला असताना सहज तासला जातो आणि वारा लागल्यावर कठीण होतो. त्यानंतरचे सगळे बेट आम्ही बरेचसे त्याच्याच नजरेने पाहिले.

शाराच्या कडेलाच जगांतियाची मंदिरे आहेत. इसवी सनपूर्व ३६०० च्या सुमारास बांधलेली ही मंदिरे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत, आणि ती उभारणाऱ्या लोकांकडे धातूची हत्यारे नव्हती. बाहेरच्या भिंतीला त्यांनी प्रवाळयुक्त कठीण चुनखडी वापरली आणि आतल्या दारांच्या चौकटींसाठी मऊ, गुळगुळीत होणारा दगड निवडला. ऊनपाऊस कोणता दगड सोसेल आणि घासूनपुसून कोणता खुलेल, याची इतकी पक्की जाण त्यांना होती, हे पाहून मन भरून आले. तेथे दगडी गोळेही सापडले आहेत. अवजड शिळा सरकवण्यासाठी ते खाली घातले जात असावेत, असे अभ्यासक मानतात. गावकऱ्यांची कथा वेगळी आहे. त्यांच्या मते, एका राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन या शिळा वाहून आणल्या. काही शिळा पाच मीटरहून लांब आहेत, तेव्हा ही कथा कशी जन्मली असेल ते भिंतीपाशी उभे राहिल्यावर सहज उमजते.

बेटावर बारमाही नदी नाही. म्हणून जुन्या घरांच्या पोटात पावसाचे पाणी साठवणाऱ्या विहिरी कोरलेल्या असतात, आणि आज पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करूनच मिळतो. पाण्याची अशी टंचाई सोसणाऱ्या या बेटाने समुद्राचे मीठ मात्र पुरेपूर उपयोगात आणले आहे. उत्तर किनाऱ्यावर श्वेयनी येथे खडकात कोरलेले उथळ चौकोनी हौद ओळीने पसरलेले आहेत. उन्हाळ्यात पाणी आटले की मीठ झाडूने गोळा करतात. आमच्या पाहण्यात आलेली ही सर्वांत देखणी मिठागरे होती.

तेच मीठ आमच्या संध्याकाळच्या स्वयंपाकात पडत असे, आणि खरी सुट्टी आम्हाला त्या स्वयंपाकघरातच मिळाली. शेळी-मेंढीच्या दुधाचे मिरी लावलेले छोटे चीज, भिंतींच्या फटींत उगवणाऱ्या केपरच्या खारवलेल्या कळ्या, टोमॅटो आणि बटाट्याचे काप घातलेली गोझोची फ्तीरा, म्हणजे चपटी भाजलेली रोटी, एवढ्यावर गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालत. फ्तीरावर अँकोव्ही मासे घालण्याची पद्धत आहे, म्हणून शाकाहारी मैत्रिणींसाठी ती आधी सांगून मासळीविना करून घ्यावी लागे; वाटाण्याचे सारण भरलेली पस्तीझी ही खुसखुशीत पेस्ट्री मात्र प्रत्येकाला चालली. नोकरी, आजारी आईवडील, मुलांची शिक्षणे यांत वर्षानुवर्षे अर्धवट राहिलेली बोलणी त्या लांब दगडी ओट्यापाशी पुरी झाली.

माल्टाची राजधानी व्हॅलेटाला आम्ही एक धावती फेरी मारली. १५६५ च्या वेढ्यात ऑटोमन तुर्कांच्या सैन्याला परतवून लावल्यावर, तेव्हा माल्टावर सत्ता असलेल्या सेंट जॉन या ख्रिस्ती लढवय्या संघाच्या सरदारांनी पुढच्याच वर्षी या नगराची पायाभरणी केली. तेथील को-कॅथेड्रल या मुख्य चर्चमध्ये इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जिओचे १६०८ सालचे, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. बाकी काही पाहिले नाही तरी चालेल, पण ते पाहावेच.

गोझोच्या पश्चिम टोकाला द्वेय्रा येथे पूर्वी समुद्रात उभी असलेली प्रसिद्ध दगडी कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. त्यामुळे तेथे पाहण्यासारखे काही उरले नाही असे समजणारे चुकतात. कमानीशेजारचे खाऱ्या पाण्याचे तळे अजून तसेच आहे, आणि छोट्या होडीतून डोंगरातल्या बोगद्यामार्गे थेट खुल्या समुद्रात जाता येते. सप्टेंबरच्या अखेरीस पाणी उबदार असते आणि उन्हाळ्यातली गर्दी ओसरू लागते. समुद्र खवळला की या होड्या बंद राहतात, म्हणून द्वेय्रा मुक्कामाच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये.