आजीचा अंगठा

शनिवार, रात्री

हळद शिजवायचे दिवस आहेत, त्यामुळे आज वर्ग निम्माच भरला. सकाळची शाळा सुटली की बरीचशी पोरं थेट वावरात जातात. नववीची जी लेकरं थांबली त्यांत मुली जास्त होत्या. औंढा तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची प्रशाला. संगणकाची खोली आहे, त्यात चालणारे संगणक मोजके, आणि वीज असेल तेव्हाच. म्हणून आज संगणकाला हातच लावायचा नाही, असं ठरवून गेले होते.

मी काय काम करते हे या मुलांना अजून नीट कळलेलं नाही. 'कॉम्प्युटरचं काम' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते सेतू केंद्र: फॉर्म भरणं, झेरॉक्स, सातबारा काढून देणं. एका पुण्याच्या कंपनीसाठी मी हिंगोलीत घरी बसून सॉफ्टवेअर तपासते, त्यातल्या चुका लोकांपर्यंत जायच्या आधी शोधते, हे तोंडी सांगून कळणारं नाही. ते करायलाच लावायला हवं.

फळ्यावर एक फॉर्म काढला. नाव, आडनाव, जन्मतारीख, वय, मोबाईल नंबर. म्हटलं, "हा फॉर्म बिघडवून दाखवा." सुरुवातीला सगळे गप्प. बिघडवायचं म्हणजे काय, शाळेत तर कधी कोणी असं सांगत नाही. मग एकानं वयाच्या जागी उणे पाच लिहिलं. दुसऱ्यानं 31 फेब्रुवारी. कोणी नऊ आकडी मोबाईल नंबर टाकला. मागच्या बाकावरून आवाज आला, "माझ्या आईच्या आधारवर आडनावच नाई, मग ह्यो रकाना कसा भरावा?" हा प्रश्न मला कामाच्या ठिकाणी कित्येक महिने कोणी विचारला नसता. मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तो तिच्याच हातानं लिहायला लावला.

पुढे अठरा वर्षांची अट घेतली. मतदार नोंदणीचा फॉर्म आहे असं समजा, कोणकोणती वयं टाकून बघाल? सगळ्यांनी दहा, वीस, पन्नास अशी वयं सांगितली. मग एका मुलीला सुचलं, सतरा आणि अठराच टाकून बघायचं, चूक तिथंच होणार. आणि ज्याचा आजच अठरावा वाढदिवस आहे त्याचं काय? आमच्या धंद्यात नवीन माणसाला हे शिकवायला एक अख्खा दिवस ठेवतात. इथे फळा, खडू आणि दहा मिनिटं पुरली. मला फार आनंद झाला.

तेवढ्यात ती बोलली. एरवी अजिबात न बोलणारी, दाराजवळ बसणारी.

"ताई, मग ते राशनचं मशीन कोणी तपासलं व्हतं? माझ्या आजीचा अंगठाच घेत नाई ते. म्हून दर महिन्याला मलाच जावं लागतं अंगठा द्यायला, शाळा बुडवून."

वर्गातल्या आणखी तिघा-चौघांनी माना डोलावल्या. म्हणजे हे घरोघरी आहे.

ठरलेला धडा तिथेच सोडला. सरांनी ऑफिसातून शाईचा पॅड आणून दिला, सगळ्यांनी कोऱ्या कागदावर अंगठे उमटवले. मग मी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना विनंती केली. त्या लाजत आल्या, पदराला हात पुसले आणि अंगठा दिला. मुलांच्या ठशांमध्ये रेघा अगदी स्पष्ट, आणि मावशींच्या ठशात मधोमध काळा डाग, कडेला चार-दोन रेघा. कापूस वेचून, भांडी घासून, हळदीच्या गड्ड्या मोडून त्या झिजल्या आहेत. कोणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

मशीन काय बघतं ते सांगितलं. अंगठ्यावरची रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा जागा ते टिपतं आणि आधी नोंदवलेल्या जागांशी ताडून बघतं. पुरेशा जुळल्या की माणूस तोच. पण पुरेशा म्हणजे किती? हे मशीन ठरवत नाही, कोणीतरी माणूस ठरवतो. अट सैल ठेवली तर दुसऱ्याच कोणाचा अंगठा चालून जाईल आणि आजीचं धान्य तो नेईल. अट कडक ठेवली तर खुद्द आजीच परत पाठवली जाईल. मुलांमध्ये दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला कडकच पाहिजे, चोरी व्हते. ती दाराजवळची मुलगी म्हणाली, "मग आजीसाठी दुसरा रस्ता पाहिजे. डोळा घ्या, न्हाईतर मोबाईलवर नंबर पाठवा. पण रस्ता पाहिजे."

डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवणं, ओटीपी, हे दोन्ही पर्याय खरोखरच आहेत. तिला ते कोणी सांगितलेले नव्हते. तिनं ते स्वतःच्या गरजेतून काढले.

घरी येताना एसटीत माझ्या मनात हेच चाललं होतं. जिथे अशी यंत्रं घडतात त्या खोल्यांमध्ये मी बसलेली आहे. तिथे हुशार माणसं असतात, मेहनतीही असतात. पण मावशींसारखा अंगठा त्यांच्यातल्या बहुतेकांनी जवळून पाहिलेला नसतो. या मुलीनं तो रोज पाहिलाय. तिला तंत्रज्ञानात आणायचं ते तिला चांगली नोकरी मिळावी म्हणून तर आहेच, ती मिळावीच. पण त्या खोलीलाही तिची गरज आहे. आडनावाचा रकाना सक्तीचा करू नका, हे तिथे ठासून सांगणारं कोणीतरी हवं. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, आणि शनिवारची ही फेरी मी त्याचसाठी करते.

रविवार, दुपारी

काल लिहायचं राहिलं. सुटताना मुलांनी लायगोबद्दल, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेबद्दल विचारलं. विचारणारच, त्यांच्याच तालुक्यात होतंय. गावात त्याबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक जमिनीचं आणि वॉचमनच्या जागांचं. एकानं सरळ विचारलं, "तिथं आपल्यातलं कोणी लागंल का?"

गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, पहिल्यांदा पकडल्या गेल्या त्या 14 सप्टेंबर 2015 ला, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांमध्ये. तशीच वेधशाळा भारतात उभारायला केंद्रानं 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटींचा खर्च मंजूर केला. जागा औंढ्याची. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, त्यातून लेसर. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असलेला, भुजांच्या लांबीतला फरक मोजायचा. हे आकडे मुलांनी वहीत उतरवून घेतले. पण त्यांचे डोळे मोठे झाले ते आवाज ऐकवल्यावर. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतानाची ती लहर आवाजात बदलून ठेवलेली आहे, एका सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी. मूळ सूर इतका खालचा की मोबाईलच्या स्पीकरमधून धड ऐकू येत नाही. सरांनी स्नेहसंमेलनाचा मोठा स्पीकर लावला. एक टुपकन आवाज. एवढंच? हो, एवढंच, आणि तो निघाला तो 130 कोटी वर्षांपूर्वी. पुन्हा लावा, पुन्हा लावा, असं करत घंटा होऊन गेली.

मग त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तिथे भौतिकशास्त्रज्ञ लागतात, पण नळीतली हवा काढणारे आणि ती निर्वात ठेवणारे तंत्रज्ञ लागतात, इलेक्ट्रॉनिक्सवाले लागतात, वेल्डिंग इतकं नेमकं करणारे लागतात की हवेचा कणही आत जाऊ नये, आणि येणारी माहिती चाळणारे प्रोग्रॅमर लागतात. वेधशाळांची बरीच माहिती जगात कोणालाही डाउनलोड करता येते, आणि ती उघडायला पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा पुरते. पायथन शिकायला औंढ्याबाहेर पडावं लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीत आहेत, पेनड्राइव्हवर घेऊन नेट नसतानाही चालतात. मी ते शाळेच्या संगणकांवर टाकून ठेवले आहेत.

'आपल्यातलं कोणी' हे शब्द मात्र मला टोचले. हुशार पोरगं दिसलं की आपल्याकडे त्याला लातूरला पाठवतात. नीट किंवा जेईई. ज्यांना ते परवडत नाही ते पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला लागतात. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण मधे केवढं मोठं रान आहे! दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, हिंगोलीतच शासकीय तंत्रनिकेतन आहे, डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज 1981 पासून उभं आहे. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीवर टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे कारखान्यातले साचे-हत्यारं बनवण्याचा डिप्लोमा होतो. आयटीआयचा कोपा, म्हणजे संगणक चालवण्याचा आणि प्रोग्रॅमिंगचा कोर्स, एका वर्षाचा आहे. ही नावं वर्गात घेतली तेव्हा एकही नाव कोणाच्या ओळखीचं निघालं नाही.

मलाही ही नावं कोणीतरी सांगितली म्हणून कळली. जिंतूरकडची एक सीनिअर होती, माझ्यापेक्षा तीन वर्षं पुढे. तिनं माझ्याशेजारी बसून प्रवेशाच्या अर्जातला कॉलेजांचा पसंतीक्रम भरून घेतला. पुढे तिनंच सांगितलं की चुका शोधण्याचंही पद असतं, त्याला पगार असतो, आणि तुझ्यासारख्या खोड काढणाऱ्या मुलीला ते जमेल. तिनं भाषण कधीच दिलं नाही. फोन उचलायची, बस्स.

आज सकाळी ती दाराजवळची मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. हळदीच्या कामातून एक सकाळ काढून, औंढ्याहून हिंगोलीला. माऊलीचे हात पिवळे होते. बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पोरगी रातभर मशीनचंच बोलायली. शिकल्यावर लई लांब जावं लागंल का माय?"

मी खरं ते सांगितलं. सुरुवातीला जावं लागेल, पुणे किंवा संभाजीनगर. पुढे काही कामं घरून होतात, मी करते आहे. तीन वर्षं तर हिंगोलीतच काढता येतील. खर्चाचं विचारलं. अडवणारा खरा प्रश्न तोच होता. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून राज्य सरकारनं पूर्ण माफ केलंय. एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50,000 रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, डिप्लोमालाही चालते. माऊलीनं दोनदा विचारलं, "परत भरावं लागत नाई नं?" परत भरावं लागत नाही.

मग कागदांवर आले, कारण खरी गळती तिथेच होते. मागच्या जूनमध्ये याच भागातला एक चांगल्या टक्क्यांचा मुलगा नॉन-क्रिमीलेयर दाखला वेळेत हाती न आल्यानं राखीव जागेतून बाहेर गेला. दहावीचा निकाल आणि अर्जाची शेवटची तारीख यांत थोडेच आठवडे असतात. त्या दिवसांत तहसीलमध्ये गर्दी, सर्व्हर डाऊन, आणि घरात पेरणीची घाई. त्या गडबडीत मुलाचं आयुष्य कोण ठरवतं? तर सेतूवर शेजारी उभा असलेला माणूस. तो म्हणतो अकरावी आर्ट्‌सला टाका, पुढे बघू. त्याचा दोष नाही, त्याला जेवढं माहीत आहे तेवढं तो सांगतो. म्हणून मार्गदर्शन दहावीच्या निकालानंतर सुरू करणं फार उशिराचं आहे. नववीतच करायला हवं, तेव्हा कागदांनाही वेळ असतो आणि मनालाही.

जातीचा दाखला आहे. रहिवासी काढायचाय. आधारवर आणि शाळेत नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते आधी दुरुस्त करायला हवं. मुलीनं सगळं स्वतःच्या वहीत लिहून घेतलं आणि प्रत्येक कागदापुढे रिकामा चौकोन काढला. तपासनीसाची सवय एका दिवसात लागली!

पुण्यातल्या मैत्रिणींना दुपारी फोन केले. आपल्याकडच्या कितीतरी जणी आणि जण मोठ्या कंपन्यांत आहेत. गावच्या शाळेत बोलावलं की 26 जानेवारीला येतात, सत्कार घेतात, 'मोठी स्वप्नं पाहा' म्हणतात आणि जातात. मुलं टाळ्या वाजवतात. मला ते पुरेसं वाटत नाही आणि मी आज ते स्पष्ट बोलले. एकच शाळा धरा, मोजकीच मुलं धरा, पण दोन-तीन वर्षं सोडू नका. फोन उचला. काम काय करता ते दाखवा, त्यातलं कंटाळवाणंही दाखवा. तिघींपैकी एक तयार झाली, तिच्या माहेरच्या गावासाठी, सेनगावकडे. बाकी दोघींना वेळ हवाय. पुढच्या रविवारी पुन्हा विचारेन.

नांदेडचा एक मित्रही हो म्हणाला. वडील जिनिंगमध्ये हमाल होते, त्यानं डिप्लोमा, मग डिग्री केली, आता संभाजीनगरला वाळूजच्या एका कारखान्यात रोबोटचे प्रोग्रॅम लिहितो. येत्या शनिवारी तो कामाच्या जागेवरून व्हिडिओ कॉल करणार आहे. साहेबांची परवानगी त्यानं काढलीय. शाळेत रेंज फक्त वरच्या गच्चीवर येते, म्हणून वर्ग तिथेच भरवू; सरांना सतरंज्यांचं सांगितलंय. मुलं पगार नक्की विचारतील. पहिला किती होता आणि आता किती आहे, दोन्ही खरे सांग, असं त्याला बजावून ठेवलंय.