हाताच्या मुंग्या: पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन?

आमच्या निपाणीकडं बिडी वळणाऱ्या बायकांना विचारा की, रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि अंथरुणात बसून हात झटकावा लागतो, हे बऱ्याच जणी सांगतील, आणि त्याला नाव एकच, वात. बाम चोळायचा आणि सकाळी परत सूप मांडीवर. माझ्या मावशीचंही तेच चाललेलं, शेवटी बेळगावला आणून दाखवलं, एनसीव्ही टेस्ट झाली, नसेतून करंट किती वेगानं जातो ते बघतात त्यात, आणि कार्पल टनेल निघालं.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणारे 9 स्नायूबंध आणि मेडियन नस जाते, आत दाब वाढला की नस चेपते. म्हणून अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी शक्यतो सुटते. शुगर आणि थायरॉइडवाल्यांना हे जास्त होतं, तेव्हा ते आधी तपासून घ्या.

आता उपाय कुठला चांगला म्हणून विचारलं तर ज्याला जे लागू पडलं ते तो सांगतो. पण कधी विचारलं यावर उत्तर बदलतं हो! इंग्लंडमध्ये 234 पेशंटवर झालेला एक अभ्यास 2018 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, निम्म्यांना स्टेरॉइडचं एक इंजेक्शन आणि निम्म्यांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. 6 आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढं होते, 6 महिन्यांनी दोघांत फरकच उरला नाही. नेदरलँड्समध्ये 2002 साली पट्टा आणि ऑपरेशन यांची तुलना झाली, दीड वर्षानं ऑपरेशनच्या गटात 90 टक्के लोक बरे किंवा खूप बरे, पट्ट्याच्या गटात 75 टक्के, आणि त्या पट्टेवाल्यांतल्याही 41 टक्के लोकांनी तोवर ऑपरेशन करून घेतलेलं. म्हणजे त्या 75 मध्ये ऑपरेशनचाही वाटा आहे, हे बघितल्याशिवाय नुसता आकडा घेऊन उपयोग नाही.

मग "बरं वाटतंय का" एवढंच विचारून कसं चालेल? मावशी तर कुणीही विचारलं की "हाय की बरं" म्हणते. यासाठी 1993 पासून एक प्रश्नावली वापरतात, बोस्टनची, त्रासाचे 11 प्रश्न आणि कामाचे 8, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 5 म्हणजे सगळ्यात वाईट. लिहिणं, बटण लावणं, बरणीचं झाकण उघडणं, पिशवी उचलणं असली रोजचीच कामं. मी ती मावशीला मराठीत वाचून दाखवली आणि खाली वेगळ्या ओळीत तिची स्वतःची कामं लिहिली: भिजवलेलं तेंदूपान कात्रीनं कापणं, जर्दा भरून वळणं, दोरा बांधणं. हजार बिड्यांमागं मजुरी मिळणाऱ्या बाईचा हात बरा झाला का ते बटणापेक्षा कात्रीवरनं कळतं, असं माझं ठाम मत आहे.

रात्रीच्या पट्ट्यानं तिची झोप सुधारली, जाग येण्याचे गुण 4 वरनं 2 वर आले. कात्री मात्र 4 वरच अडकली आणि पान हातातनं निसटतंच. नुसतं झोपेचं विचारलं असतं तर पट्टा पास झाला असता.

सौम्य त्रास असेल तर आधी पट्टाच वापरावा असं मला वाटतं, काम बंद ठेवणं परवडत नसेल तर इंजेक्शनही चालेल, थोडे महिने तरी निघतात. पण अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसत चालला असेल, चिमटीत ताकद नसेल, तर वाट बघत बसू नका, वाळलेला स्नायू नंतर ऑपरेशन करूनही पूर्ण भरेलच असं नाही. मावशीचा उजवा तळवा डाव्याशेजारी ठेवला की फरक दिसायलाय, म्हणून उजव्याचं ऑपरेशन ठरवलंय. नंतर काही आठवडे तळव्यावर दाब दिला की दुखतं, तेव्हा कात्रीचे गुण सुरुवातीला वाढले तरी घाबरायचं नाही म्हणून तिला आत्ताच सांगून ठेवलंय, आणि तोच कागद 6 आठवड्यांनी आणि 6 महिन्यांनी परत भरायचा.