मीटर सारखाच, दगड वेगळे: ओढ्यावरची एक सकाळ

सुरुवातच चुकली. जंगलातून वाहणाऱ्या या ओढ्यावर पाण्याची तब्येत बघायला दोन जागा तपासायच्या होत्या, एक कच्च्या रस्त्याच्या वर आणि एक खाली. मधलं अंतर जेमतेम दीडशे मीटर. उत्साहाच्या भरात आम्ही आधी वरच्या जागी उतरलो आणि दगड हलवून मोकळे झालो. खाली येऊन बघतो तर आम्हीच उठवलेला गाळ आमच्या आधी पोचलेला! पाणी निवळेपर्यंत तासभर काठावर बसून राहिलो. तुम्ही जाल तेव्हा खालच्या जागेपासून सुरुवात करा. एकाच जागीसुद्धा खालून वर सरकत जायचं.

बसल्या बसल्या प्रवाह मोजून घेतला. १० मीटर सरळ पट्टा आखून काटकी सोडली, तीन वेळा. सरासरी ३२ सेकंद लागले. रुंदी १.८ मीटर, सरासरी खोली १५ सेंटीमीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून आलेल्या आकड्याला ०.८५ ने गुणायचं. सेकंदाला साधारण ७० लिटर निघाले.

मग पाणी तपासायचा मीटर. वरच्या जागी तापमान १९ अंश, पीएच ७.२, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ८.७ मिलिग्रॅम. खालच्या जागी ऑक्सिजन ८.६, बाकी सगळं तेच. त्या तापमानाला पाण्यात ऑक्सिजन मावतोच सव्वानऊच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे उत्तम. पाणीही असं नितळ, की तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा. सोबतचा मित्र म्हणाला, ‘झालं की काम, चला.’ पण मीटर सांगतो ती त्या घटकेची गोष्ट. दगडाखालचे जीव तिथे कित्येक महिने काढतात, काही तर वर्षभरापेक्षा जास्त. मधल्या काळात काय काय होऊन गेलं ते त्यांना विचारायचं.

त्यासाठी खळाळत्या उथळ जागी जायचं, डोहात नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची जाळी तळाला टेकवून धरायची, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला. जाळीच्या पुढ्यात तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा. वेळ घड्याळ लावून मोजा, नाहीतर दोन जागांची तुलना फुकट जाते. मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहायचं. आधी पालापाचोळ्याचा लगदाच दिसतो. मग त्यातली एक काडी चालायला लागते. ती कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाची अळी, स्वतःच्या रेशमाने वाळूचे कण आणि पानांचे तुकडे चिकटवून केलेलं घर अंगावर घेऊन निघालेली.

वरच्या जागी एक दगड हातात उलटा धरला तर त्यावर चपटी, खेकड्यासारखी आडवी सरकणारी पिल्लं. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय, म्हणजे पिल्लं पाण्यात वाढतात असे दोन उडते कीटक, यांच्या पिल्लांत नवख्याचा हमखास गोंधळ होतो. भिंगातून पाय बघा: टोकाला एकच नखी असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय. शेपट्या मोजून ठरवायला जाऊ नका. स्टोनफ्लायला दोन असतात, पण मेफ्लायला बहुधा तीन आणि कधी कधी दोनच.

खालच्या जागेचा ट्रे मात्र निराळाच निघाला. स्टोनफ्लाय एकही नाही. कॅडिस दोन. बाकी गांडुळाच्या जातीचे बारीक किडे आणि कायरोनोमिड या डासासारख्या माशीच्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी ऑक्सिजनच्या चिखलातही त्यांचं भागतं. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी गुणपद्धतीत प्रदूषण न सोसणाऱ्या कुळाला जास्त गुण मिळतात: स्टोनफ्लायच्या पर्लिडी कुळाला १० गुण, कायरोनोमिडला २ आणि या गांडुळवर्गीयांना १. एकूण गुणांना कुळांच्या संख्येने भागलं की सरासरी मिळते. पण दुसऱ्या प्रदेशाच्या ओढ्याशी ती सरासरी ताडून पाहण्यात अर्थ नाही असं माझं मत. त्याच ओढ्याची वरची जागा हीच खरी मोजपट्टी.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. वर दगड सहज उचलले जात होते. खाली ते निम्म्याहून जास्त बारीक मातीत रुतलेले, उचलताना ‘चुळ्ळ’ आवाज करत सुटणारे. पावसात कच्च्या रस्त्याची माती वाहून येते आणि दगडांमधल्या फटी बुजवते. या जिवांची घरं त्या फटींतच. आम्ही गेलो तेव्हा पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, दगडांवरून वाहणारं पाणी स्वच्छ होऊन गेलं होतं. मीटरला काय दिसणार?

काठाच्या साचलेल्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला म्हणून मित्र हबकला. काडी मारून बघितली. तवंगाच्या काचेसारख्या चकत्या झाल्या आणि त्या परत जुळल्या नाहीत. म्हणजे लोहजिवाणूंची करामत. तेल असतं तर पुन्हा मिसळून गेलं असतं.

आणखी थोडं. एकट्याने उतरू नका, ओढ्याच्या वरच्या अंगाला ढग दिसले तर काठ धरा. किडे भरपूर आहेत म्हणून पाणी पिऊ नका, रोगजंतूंचा पत्ता ते देत नाहीत. पूर येऊन गेल्यावर लगेच जाऊ नका, किडे वाहून गेलेले असतात आणि निष्कर्ष भलताच निघतो. दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट आणि जाळी घासून धुऊन कडक वाळवा. आणि उलटलेला दगड होता तसा परत ठेवा. आमचा एक तसाच उताणा राहिला होता, त्यासाठी मित्राला बूट घालून पुन्हा पाण्यात उतरवला.