कपाटाला रंगाचा हात

आमच्या निजायच्या खोलीतले दोन दारांचे कपाट आणि त्याच्या जोडीचा पलंग म्हणजे आजोबांच्या वेळचे अस्सल सागवान, आणि त्यावरचे गडद तपकिरी पॉलिशही तेव्हाचेच, अशी घरातल्या सर्वांची पक्की समजूत होती. त्यामुळे ही जोडी मी रंगवायला काढणार असल्याचे कळताच मोठ्या काकूंनी फोनवरून सुनावले, ‘‘अगं, सागवानाला कुणी रंग फासतं का? पॉलिश करून घे.’’ लाकडाच्या रेषा झाकणे हे आपल्याकडे जवळजवळ कुळाला बट्टा लावण्यासारखेच मानले जाते.

मलाही थोडी धाकधूक होतीच, म्हणून आधी एक चाचणी घेतली. जुने पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, आणि वाळलेली लाख पुन्हा स्पिरिट लागले की चिकट होऊन सुटू लागते. कपाटाच्या मागच्या अंगाला, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मी बराच वेळ घासला. तो धुळीने मळला, पण तपकिरी काही झाला नाही. तेव्हा इतकी वर्षे आम्ही ज्याला पॉलिश म्हणत होतो, तो साधा ऑइलपेंट होता.

बिजागरीजवळचा एक टवका नखाने उचलला, तर खाली पिस्त्याचा हिरवा रंग निघाला. सरकारी दवाखान्यांच्या भिंतींना असतो तसला. त्याच्या खाली लाकूड लागले, आणि तेही दर्शनी चौकटीपुरतेच सागवान होते; पाठीच्या फळ्या पांढुरक्या, हलक्या, बहुधा खोक्यांच्या देवदाराच्या.

यानंतर मन निर्धास्त झाले, पण हात जपूनच चालवावा लागला. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे किती असेल याचा भरवसा नसल्यामुळे तो कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. म्हणून सोड्याच्या पाण्याने वर्षानुवर्षांचा तेलकटपणा काढला आणि वॉटरपेपर भिजवून, रंग पूर्ण न उतरवता, केवळ त्याची चकाकी मरेल इतकेच घासले. तुळतुळीत पृष्ठभागावर नवा रंग धरत नाही, तो पुढे पापुद्र्यांनी सुटतो. मग भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि जिथे लाकूड उघडे पडले होते तिथे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिला. तो गुलाबी निघाला, त्यामुळे दोन दिवस आमचे कपाट दाताच्या कवळीसारखे दिसत होते. त्यावर हस्तिदंती रंगाचे दोन हात दिले, मध्ये पूर्ण एक दिवस सोडून.

खरी कसरत खणाची. पावसाळ्यात लाकूड आडवे फुगते आणि खण अडकतो, हे ठाऊक असूनही उत्साहाच्या भरात मी त्याच्या बाजूंनाही रंग दिला, आणि कागदाच्या जाडीचे ते दोन थर एवढे भारी पडले की आत गेलेला खण बाहेर काढायला दोन माणसे लागली. शेवटी बाजूंचा रंग घासून काढला आणि तिथे देवघरातली अर्धी मेणबत्ती चोळली. तेव्हा कुठे तो सुरळीत सरकू लागला. आत अंथरलेला जुना कागद बदलला, तरी डांबरगोळ्यांचा वास तेवढा गेलेला नाही.

पुढच्या महिन्यात काकू आल्या. त्यांनी दारावरून हात फिरवला, बिजागरीजवळ मी मुद्दाम न रंगवता ठेवलेला हिरवा ठिपका चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘हा माझ्या लग्नाच्या वेळी दिलेला. फार मळायचा, म्हणून सासूबाईंनी वरून तपकिरी मारून घेतला.’’ मग पलंगावर टेकत त्या म्हणाल्या, ‘‘तुझा तर त्याहून मळेल.’’