शाई आणि रविवार

आज आमच्या युनियनची निवडणूक. रांगेत माझ्यापुढे झाडलोटवाल्या मावशी. "चष्मा घरी राहिला गं, कपबशी कुठली ते दाखव ना." मी वाकले, तर टेबलामागचा माणूस खेकसला, "ओ ताई, गुप्त मतदान आहे!" बरोबरच होतं म्हणा त्याचं. मावशींनी कागद अगदी डोळ्यांशी धरून शिक्का मारला.

घरी येताना मुंबईचे जुने कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे आठवले. १८८४ मध्ये ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्या घेऊन त्यांनी आठवड्याची सुट्टी मागितली. रविवार मिळाला १८९० च्या जूनमध्ये. सहा वर्षं! आणि त्या कामगारांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता.

संध्याकाळी निकाल. मावशींची कपबशी पाच मतांनी पडली. "पुढच्या खेपेला चष्मा आणते," म्हणाल्या.