झाड गहाण, कर्ज नाही

सकाळी साडेदहाला मी टॅबवर ‘कुटुंबावर कर्ज आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ नोंदवलं. दुपारी चारला त्याच घरातले आजोबा मला बांधावरची चार मोहाची झाडं दाखवत होते. चारही गहाण होती, नातीच्या कॉलेजसाठी. या गोष्टीला आता काही महिने झाले, तरी ते ‘नाही’ माझ्या मनातून जात नाही.

गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं, गोंड वस्तीचं. मी घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरते. या वेळी आमच्याकडे दोन फॉर्म होते. पहिला आदिवासी विद्यार्थ्यांच्या खर्चाचा, म्हणजे फी, खोलीभाडं, मेस, शिष्यवृत्ती, कर्ज. दुसरा पारंपरिक पर्यावरणज्ञानाचा, म्हणजे जंगल-झाडांबद्दल लोकांना पिढ्यांपासून जे ठाऊक आहे त्याचा. दोन्हींना पैसे देणाऱ्या संस्था वेगळ्या. प्रवासखर्च वाचावा म्हणून दोन्ही फॉर्म एकाच घरात भरायचे, पण क्रमांक वेगळे आणि ते एकमेकांना जोडायचे नाहीत. पहिल्याला वीस मिनिटं, दुसऱ्याला चाळीस. आमच्यातला एक सहकारी दिवसाला बारा फॉर्म भरतो आणि दर बैठकीत त्याचं कौतुक होतं. बारा घरांत कोणीही काही सांगत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे.

आजोबांची नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, गडचिरोलीत खोली करून राहणारी. एप्रिलचा पहिला रविवार होता आणि मोह वेचायला ती घरी आली होती. सरकारी वसतिगृहात तिला जागा मिळाली नव्हती. अशा मुलांसाठी ‘स्वयम’ योजना आहे. मोठ्या शहरात वर्षाला 60,000, मधल्या शहरांत 51,000 आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये थेट खात्यात जमा होतात. तिचा अर्ज मंजूर होता, पण पैसे आले नव्हते.

पुढचं काम आमच्या कराराबाहेरचं आहे, तरी मी ते प्रत्येक मुलाचं करते. ‘पैसे आले नाहीत’ असं कोणी म्हणालं की आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधी तपासते. आधारवर येणारा पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नसतं. ज्या बँकेनं आधार सगळ्यांत शेवटी जोडलं, त्या खात्यात तो जातो. गावात खाती उघडायची शिबिरं होतात, अंगठे घेतले जातात आणि जोडणी गुपचूप बदलते. रेंजसाठी आम्ही शाळेमागच्या टेकाडावर गेलो. ओटीपी आला आणि पडद्यावर बँकेचं नाव उमटलं. ती म्हणाली, “हे तर अकरावीतलं खातं जी. त्याचं पासबुकबी नाही माझ्याजवळ.” तिच्या हक्काचे पैसे कदाचित तिथेच पडून होते. तालुक्याच्या कार्यालयात ती या कामासाठी चारदा जाऊन आली होती. चारही वेळा तिला ‘वरून आले नाही’ एवढंच सांगितलं गेलं. ही तपासणी तीन मिनिटांची आहे. ती कोणी का करत नाही, याचा मला अजून संताप येतो.

मग कर्जाचा प्रश्न आला. तिनं क्षणभर आजोबांकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही जी, कर्ज नाही.” ते पाहणं माझ्या लक्षात आलं होतं, तरी मी पुढे गेले.

दुपारी दुसरा फॉर्म काढला. त्यात ‘औषधी वनस्पती वापरता का? हो/नाही’ असले प्रश्न आहेत. जंगलात फिरणारा माणूस असला प्रश्न लिहिणार नाही. मी टॅब बंद केला आणि आजोबांना म्हटलं, तुमची झाडं दाखवा. ते गोंडीत बोलत होते, नात मराठीत सांगत होती.

मोहाचं फूल पहाटे गळतं. त्या दिवसांत झाडाला पान नसतं आणि खाली मात्र सुक्या पानांचा खच असतो. त्यात फूल दिसत नाही. लवकर उरकायचं असेल तर लोक ती पानं पेटवून जमीन मोकळी करतात. उन्हाळ्यात या भागात लागणाऱ्या वणव्यांचं हे एक मोठं कारण. आजोबांच्या घरात जाळायची रीत नाही. ते खराट्यानं झाडतात आणि पाचोळा बुंध्यापासून दूर ओढतात. कारण विचारलं तेव्हा ते गुडघ्यावर बसले आणि बोटांनी माती चाचपत राहिले. मोहाचं फूल माणूस नेतो, बी तेलासाठी माणूस नेतो, त्यातून चुकून जे रुजतं ते जाळाखाली जातं, मग पुढचं झाड कुठून येणार, असं ते म्हणाले. नवा आंबा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा गोंडी सण, झाल्याशिवाय या घरात कोणी खात नाही, तेही याच प्रकारचं शहाणपण आहे असं मला वाटतं. कोय पिकेपर्यंत फळाला हात लागत नाही.

पण समोरच्या चार झाडांखालची जमीन काळी होती. मी विचारलं, ही का जाळली? आजोबा काही बोलले नाहीत. नातच म्हणाली, “आम्ही नाही जाळली. यंदा मामा वेचतो.”

मग सगळं बाहेर आलं. प्रवेशाच्या वेळी कॉलेजनं फी आधी भरून घेतली, शिष्यवृत्ती आली की परत देऊ म्हणून. खोलीची अनामत वेगळी. मामानं 12,000 दिले. पैसे परत होईपर्यंत चार झाडांचा मोह त्याचा. मी तिथेच वहीत हिशेब केला. चांगल्या सालात झाडामागे पोतंभर, म्हणजे चाळीसेक किलो वाळलेला मोह निघतो. 2020 साली ठरलेली आधारभूत किंमत किलोला 30 रुपये धरली तरी चार झाडांचे 4,800 होतात. बारा हजारांवर वर्षाला 4,800 म्हणजे शेकडा चाळीस. वर मुद्दल एका रुपयानंही कमी होत नाही.

“सकाळी कर्ज नाही म्हणालीस?” मी विचारलं.

“कर्ज बँकेचं असते ना मॅडम. हा तर मामा आहे.”

ती खोटं बोलली नव्हती, माझाच प्रश्न चुकला होता. कर्ज, उधारी, उसने, गहाण हे चार शब्द चार वेगळ्या व्यवहारांचे आहेत, हे मला ठाऊक होतं. प्रशिक्षणात मी स्वतः ते नव्या मुलांना शिकवते. तरी वीस मिनिटांच्या घाईत मी एकच शब्द विचारला.

तिची परीक्षाही यातच अडकलेली. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पंधरा-वीस दिवसांत घरात वर्षभराची रोख येते ती तेव्हाच. 70 पानांचं एक पुडकं, असे हजार पुडके झाले की एक गोणी. विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा नेमकी याच सुमाराला. मागच्या वर्षी ती परीक्षेला बसली आणि घरातले दोन हात कमी झाले. हे नुकसान नोंदवायला फॉर्ममध्ये कुठेही जागा नाही.

याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावानं मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्या काही हक्कांपैकी होता. त्यानंतर या भागातल्या अनेक ग्रामसभा तेंदू स्वतः विकू लागल्या. जंगलाला कागद मिळाला, पण बांधावरच्या या चार झाडांना कागद नाही. बँक त्यांच्यावर एक रुपया देणार नाही. त्यांची किंमत ओळखणारा या व्यवहारात एकच माणूस होता, आणि त्यानं बुंध्याखाली काडी लावली. मामाला मी भेटले नाही. त्याच्याही घरी शिकणारी मुलं असतील.

कार्यालयात परतल्यावर मी दोन्ही फॉर्म जोडू द्या, निदान कर्जाचं उत्तर बदलू द्या, अशी विनंती केली. आमच्या प्रकल्पप्रमुख मनानं चांगल्या आहेत, पण मुदतीला फार घाबरतात. त्या म्हणाल्या, नोंदी आता बदलता येत नाहीत आणि क्रमांक जोडणं गोपनीयतेच्या नियमात बसत नाही. नियम योग्य आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्यामुळे एका अहवालात हे घर कर्जमुक्त असेल आणि दुसऱ्यात ‘मोहाखाली आग लावण्याची प्रथा आढळली’ असं छापून येईल. दोन्ही वाक्यं माझ्या हातून गेलेली आहेत.

जूनमध्ये तिचा फोन आला. जुन्या खात्यात एक हप्ता सापडला होता. पुढच्या वर्षीचं खोलीभाडं बाजूला ठेवल्यावर मामाला देण्याजोगे 6,000 उरत होते आणि मामा तेवढ्यात दोन झाडं सोडायला तयार होता. कोणती दोन, ते आजोबांनी ठरवलं. मला वाटलं होतं, जास्त मोह देणारी निवडतील. त्यांनी ओढ्याकडची दोन मागितली. तिथे ओल असल्यानं आग बुंध्यापर्यंत पोचली नव्हती आणि वीतभर उंचीची तीन रोपं जिवंत होती.

उरलेल्या दोन झाडांखाली येत्या मार्चमध्ये खराटा फिरेल की काडी लागेल, ते मामाशी कोणी बोलतं का यावर आहे. आजोबा बोलणार नाहीत. ती म्हणाली, मी बोलते, पण परीक्षा झाल्यावर.