पातेल्याच्या तळाशी उरलेलं

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या चाचणीत (HbA1c) आकडा ६.१ आला तेव्हा मी डॉक्टरांना म्हणाले, "मी तर रात्री दोनच पोळ्या खाते." मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, असं त्यांनी समजावलं आणि आठवडाभर जे तोंडात जाईल ते लिहून आणायला सांगितलं. वहीतून कळलं की ताटात दोनच पोळ्या असायच्या हे खरं होतं. जास्तीचं सगळं खाणं ताटाबाहेर चाललं होतं.

मी डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टमध्ये. दुपारी एकला डबा, घरी पोचायला साडेआठ. मधे फक्त चहा. दारातून आत आले की पर्स खांद्यावर असतानाच फरसाणाच्या डब्यात हात जायचा. भाजी गरम होईपर्यंत दोन-तीन मुठी. जेवण झाल्यावर ओटा आवरताना मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, चमचाभर उसळ. तेही उभ्या उभ्या, "एवढ्याशासाठी डबा कशाला भरायचा" म्हणत.

हे उरलेलं संपवणं सोडणं मला सगळ्यात जड गेलं. माझी आई बीड जिल्ह्यातली. १९७२च्या दुष्काळात ती लहान होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आई तिच्याबरोबर. कामावर वाटली जाणारी सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी यांवर त्यांनी ते दिवस काढले. त्यामुळे आमच्या घरात अन्न टाकणं म्हणजे पाप, आणि मलाही ते आजही तसंच वाटतं. "उरलं तर टाकून द्या" हा सल्ला मला पटणारच नव्हता. शेवटी आईच म्हणाली, "टाकू नको गं, पण तुझं पोट म्हणजे काय फडताळ आहे? जेवायला बसायच्या आधीच काढून ठेव."

तेव्हापासून ताटं वाढली की पातेल्यातला जास्तीचा भात लगेच डब्यात, डबा फ्रीजमध्ये. सकाळी त्याचा फोडणीचा भात. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा. कणीक अंदाजाने न घेता वाटीने मोजते. मुलाला आधी अर्धीच पोळी वाढते, लागली तर तो मागतो. पानात उरायचंच थांबलं.

फरसाणाचा प्रश्न मात्र भुकेचा होता. घरात आणायचं बंद करून पाहिलं, तर मी शेंगदाण्याच्या बरणीकडे वळले. मग संध्याकाळी सहाला ऑफिसातच मूठभर फुटाणे आणि एखादं फळ खायला लागले. गाडीत बसायला मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून निघण्याआधीच. आठवड्याभरात फरक पडला. घरी येऊन आधी हातपाय धुण्याइतका धीर धरता येऊ लागला.

पोट भरल्याची वर्दी मेंदूला पुरती पोचायला साधारण २० मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं, माझं जेवण ७ मिनिटांत उरकत होतं, तेही मोबाइल बघत. आता मोबाइल दुसऱ्या खोलीत असतो आणि रात्री ज्वारीची भाकरी. ती भराभर गिळता येत नाही, चावावीच लागते. पहिलं वाढून घेतलेलं संपलं की थोडं ताक पिऊन पाच-दहा मिनिटं गप्पा मारत बसते. त्यानंतरही भूक असेल तर खुशाल घेते. बहुतेकदा नसते.

लग्नाच्या पंगतीत ताट रिकामं दिसलं की जिलबी येऊन पडायचीच. तिथे मी आता सगळ्यांत सावकाश जेवते आणि शेवटचा घास वाढपी पुढे गेल्यावरच घेते.

मे महिन्यात आमरस झाला तेव्हा मात्र चार वाट्या गेल्या. पूर्वी अशा वेळी दुसऱ्या दिवशी मी उपास धरायचे आणि रात्री दुप्पट जेवायचे. या वेळी सकाळी नेहमीसारखे पोहे खाल्ले, दुपारी नेहमीचा डबा. रात्री हात वखवखला नाही.

परवाच्या तपासणीत साखर ५.८ आली. आईला सांगितलं, तर ती भांड्यांच्या दुकानात जाऊन झाकणाच्या चार छोट्या स्टीलच्या डब्या घेऊन आली. एकीत बरोब्बर एक वाटी भात मावतो.